उतरंड

जानेवारीत सूर्य परत आला, काही मिनिटांपुरता,
आणि त्याच दिवशी मी सहावीच्या पोरांना एक कागद दिला.
दहा ओळी, दहा गोष्टी.
धावणं, गणित, दिसणं, मैत्री, गाणं,
शेवटची ओळ मोकळी, ज्याची त्याने भरायची.
म्हटलं, सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं त्यापुढे एक लिहा.
चूक-बरोबर काही नाही. गुण नाहीत.
गुण नाहीत म्हटलं की वर्ग आधी संशयानेच बघतो.

योस्टाइनने गणिताला दहावा नंबर दिला.
गणितात तो जेमतेम काठावर.
शिटी वाजवत घरी गेला,
बर्फातले त्याच्या बुटांचे ठसेसुद्धा निवांत.

ओड्नीने गाण्यापुढे एक लिहिला,
इतका दाबून की पेन्सिलीचं टोक मोडलं.
ओड्नीचा सूर लागत नाही.
हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे,
चर्चमध्ये गाणं बसवणाऱ्या बाईंना तर फारच.
त्या तिला मागच्या रांगेत उभं करतात
आणि मायेने सांगतात, नुसते ओठ हलव, तेवढं पुरे.

मोकळ्या ओळीत तिने लिहिलं : जिभा.
त्यापुढे दहा.

आमच्या लोफोटेनमध्ये हिवाळ्यात कॉड येतो.
मासा मोठ्यांचा, मुंडकी पोरांची, अशी जुनी वाटणी.
शेडमध्ये लोखंडी खिळ्यावर मुंडकं टोचायचं,
सुरी आत, मनगटाला एक वळण, जीभ बादलीत.
ओड्नीची एक बादली भरते तेव्हा
तिच्या थोरल्या भावाच्या बादलीचा तळही झाकलेला नसतो.
मागच्या वर्षी स्वतःच्या पैशांनी सायकल घेतली तिने.
मी म्हटलं, केवढं गं हे!
त्यात काय, म्हणाली, ते तर हाताला येतंच.
आणि माशाचा वास येणारी बाही
हळूच पाठीमागे नेली.

जे हाताला येतं ते मोजायचं नसतं
हे हिला कुणी शिकवलं?
मी नाही, असं मी रात्री ठामपणे म्हटलं.
मग आठवलं, वर्गाच्या भिंतीवर
वर्षभर मी कुणाकुणाचं काय काय लावलंय.

पुष्कळदा वाटलं, कपाटातून तो कागद काढावा,
एक आणि दहाची गुपचूप अदलाबदल करावी.
पण दुसऱ्याच्या उतरंडीला हात घातला
तर मडकी फुटतात,
आणि आपण मदतच करत होतो
असं खापऱ्यांना सांगत बसावं लागतं.

मार्चमध्ये तेक्ले शेडवर आला.
इरिट्रियाहून आलेला, शाळेत दोनच महिने झालेला,
हात मुंडक्यापासून वीतभर लांब धरणारा.
डोळ्यांत बोटं घाल, ती म्हणाली, त्याला आता दुखत नाही.
त्याने बोट कापून घेतलं. तिने चिंधी बांधली. पुन्हा.
काम करताना ती गुणगुणते, हे मला त्या दिवशी कळलं.
ईस्टरचं गाणं, पहिल्या ओळीपासून घसरलेलं.
तेक्लेने ते गाणं आधी कधी ऐकलेलं नव्हतं.
त्याला वाटलं, चाल अशीच असते.
तोही गाऊ लागला, अगदी तिच्याच जागी घसरत,
न चुकता.

मी दाराशी उभी होते, हातमोजे हातात.
काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं तरी काय?

मे महिन्यात तोच कागद परत वाटला.
बदल करायचे तर करा, म्हटलं.
योस्टाइनने मागे होडी काढली.
ओड्नीने गाण्यापुढचा एक खोडला, परत लिहिला, परत खोडला,
शेवटी तिथे भोक पडलं
आणि त्यातून बाकाचं लाकूड दिसायला लागलं.
दहा मात्र तसाच. त्याला तिने हातही लावला नव्हता.

कागद द्यायला ती आली.
बाही माझ्या टेबलावर, वासासकट.
अजून ठरत नाहीये, म्हणाली,
आजच द्यायला पाहिजे का?

मी म्हटलं, नाही.
आणि माझ्या नावाचा एक कोरा कागद
गठ्ठ्यातून काढून ठेवला.